रविवारची कॅन

(अमरावती, राजापेठ. दुसऱ्या मजल्यावरचं घर. रविवार, सकाळचे साडेदहा. चतुराबाई न्हाणीघरात, दार आतून बंद. त्यांची सून प्रियदर्शनी दाराबाहेर उभी, गावाहून येणाऱ्या सासऱ्यांची, देवमनची, वाट बघत.)

चतुराबाई : निघतच नाई न पन! चार बादल्या झाल्या, हे पाचवी.

प्रियदर्शनी : आई, साबण केव्हाच निघाला. इथलं पाणी गोडं आहे, त्यात अंग असंच लागतं हाताला.

चतुराबाई : बुळबुळीत लागते म्हनजे साबनच न वं. आपल्या गावी दोन तांबे टाकले का चामडी कशी करकर वाजते. तिले समजते, धुतलं म्हनून. इथं मी दोन महिन्यांपासून मासोळी होऊन बसली.

प्रियदर्शनी : गावाकडे साबण निघत नाही आई, तिकडे तो लागतच नाही. त्या पाण्यात फेस येतो का कधी? फाटलेल्या दुधासारखा नुसता गोळा होतो. जो लागलाच नाही, तो निघायला किती वेळ लागणार?

चतुराबाई : मास्तरीन हायेस बाई तू, बोलन्यात तुले कोन जिंकन. बादली भरू दे अजून एक.

प्रियदर्शनी : बेल वाजली. मामाजी आले वाटतं.

चतुराबाई : कॅन आडवी नका ठेवू म्हना! मांगच्या रविवारी झाकन ढिल्लं होतं, दोन तांबे पानी एसटीच पेली.

प्रियदर्शनी : जयभीम, मामाजी. द्या ती इकडे. वीस लिटर घेऊन दोन जिने चढता, काही वयाचा विचार?

देवमन : जयभीम, जयभीम. राहू दे, मीच ठेवतो वट्यावर. वयाचं म्हनशीन तं आज कंडक्टरबी तेच काढून बसला होता. मले अर्धं तिकीट फाडलं, मंग कॅनकडं पाहून म्हने, काका, हिचं वय काय? म्या म्हटलं, बाबू, हिची मालकीन पासष्टची हाय, हिलेबी अर्धंच लाव. सारी गाडी हासली. स्वप्निल कुठी हाय?

प्रियदर्शनी : ड्युटीवर. आणि आई न्हाणीत, पाचव्या बादलीवर. तुम्ही आधी बसा. आनंदाची बातमी आहे.

देवमन : बसतो. सांग.

प्रियदर्शनी : काल आईंची सोनोग्राफी केली. खडा नाही.

देवमन : नाई म्हनजे? मशीनले दिसला नाई?

प्रियदर्शनी : नाहीच आहे, मामाजी. पडला. सात मिलिमीटरचा होता, ऑपरेशनच्या गोष्टी चालल्या होत्या. दोन्ही बाजू स्वच्छ. हा बघा रिपोर्ट.

देवमन : अरे बाप्पा. हे तं लय खराब झालं.

प्रियदर्शनी : खराब?

देवमन : चांगलं. चांगलंच झालं म्हनलं मी. म्हनजे कसं हाय... थे काय म्हनते?

प्रियदर्शनी : त्या काय म्हणणार? काल डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, 'तुमी सांगतलं खारं पानी बंद करा. म्या नाई केलं. दर रविवारी माहा नवरा माह्या विहिरीचं पानी आनते, थेच पेली मी. आता सांगा, कोनाच्या पान्यानं फुटला खडा?'

देवमन : मंग डॉक्टर?

प्रियदर्शनी : डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, असं होऊ शकत नाही. आई म्हणाल्या, झालं न पन.

देवमन : अन आता?

प्रियदर्शनी : आता त्या बॅग भरून बसल्या आहेत. उद्या सकाळी तुमच्याबरोबर गावी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मॅडम, यांचा एक खडा कसा पडला मला माहीत नाही, पण तेच पाणी परत सुरू झालं तर वर्षाच्या आत दुसरा होईल, आणि या खेपेला किडनीवर जाईल. मी हे आईंना सांगितलं, तर हसल्या. म्हणाल्या, डॉक्टरले इनाम देईन म्हना.

देवमन : आपल्यापाशी चहा हाय का वं?

प्रियदर्शनी : ठेवते. पण तुम्ही बोला त्यांच्याशी. मी दोन महिने तुमच्या मागे लागले होते, मामाजी, ते पाणी आणू नका. विज्ञान शिकवते मी शाळेत. घरातच जर सासूबाई खारपाणपट्ट्याचं पाणी कॅननं मागवून पितात, तर वर्गात कोणत्या तोंडानं शिकवू? तुम्ही एकदाही ऐकलं नाही.

देवमन : ऐकलं होतं.

प्रियदर्शनी : काय ऐकलं? आज दहावी कॅन आहे.

देवमन : जराक हळू बोल. नळ चालू हाय न आत?

प्रियदर्शनी : चालू आहे.

देवमन : पयल्या दोन कॅना विहिरीच्या. बाकी आठ विहिरीच्या नाईत.

प्रियदर्शनी : मग कशाच्या?

देवमन : मूर्तिजापूरच्या. स्टँडच्या बाजूले किशोरचं जारच्या पान्याचं दुकान हाय. गावातून रिकामी कॅन घेऊन निघतो, तिथं फिल्टरचं भरतो, अन बाकड्यावर बसून मीठ कालवतो.

प्रियदर्शनी : मीठ?

देवमन : मीठ. साधं. खिशात पुडी असते. पयल्या खेपेले मूठभर टाकलं, चाखून पाह्यलं तं मलेच मळमळलं. मंग कमी करत करत बसवलं बराबर. किशोर पाहतच राह्यला. म्हने, काका, सारं वऱ्हाड खार काढाले मशीन लावून राह्यलं, अन तुमी मशीनच्या पान्यात खार टाकून राह्यले? म्या म्हटलं, बाबू, तुहं लगन झालं नाई अजून.

प्रियदर्शनी : थांबा, थांबा. हे शक्य नाही. मी दर रविवारी क्षार मोजायचं मीटर बुडवते कॅनमध्ये. तो पेन. आकडा तोच येतो, पंधराशेच्या वर. पहिल्या रविवारी जो होता तोच!

देवमन : येईनच न. तुवा मले पयल्या दिवशीच दाखवला होता थो पेन. किशोरपाशीबी हाय. पंधराशे येईपर्यंत टाकत जातो मी.

प्रियदर्शनी : देवा रे.

देवमन : रागावू नको.

प्रियदर्शनी : तुमच्यावर नाही हो, माझ्यावर. तो पेन पाण्यात किती काय विरघळलंय तेवढंच सांगतो. मीठ आहे की चुना, त्याला काय कळतं? खारं वेगळं, जड वेगळं. साबणाचे चार थेंब टाकून हलवलं असतं तर पहिल्याच दिवशी फेस आला असता. नववीच्या मुलांना मीच शिकवते, सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. प्रयोग करून दाखवते! आणि घरात मीठ घातलेलं पाणी आठ आठवडे खारपाणपट्टा म्हणून लिहून ठेवलं. तक्ता केलाय मी. रंगीत.

देवमन : तक्ता चांगला असन.

चतुराबाई : काय कुजबुजून राह्यले वं तिकडं?

प्रियदर्शनी : काही नाही, आई! चहा ठेवतेय!

चतुराबाई : माहा चहा माह्या पान्याचा ठेवजो! अन त्याइले सांग, उद्याची सातची गाडी. मंगयवारी माहे कपडे मी माह्या हातानं माह्या विहिरीवर धुवीन!

देवमन : ऐकलं? माह्या विहिरीवर.

प्रियदर्शनी : मग सांगा ना त्यांना! सरळ सांगा, खडा गोड्या पाण्यानं पडला. झालं. त्या इथेच राहतील.

देवमन : इथंच राहीन. आता तुह्यापाशी खोटं कायले बोलू, मले थे इथं राहाले नाई पायजे. मले थे घरी पायजे. दोन महिने झाले, शेजारची कौशल्या भाकर देते. चांगली देते. पन रोज ताट झाकून देते अन म्हनते, भाऊजी, वयनी कवा येते? मी म्हनतो, खडा पडला का येते. आता पडला. तं मलेच भेव लागून राह्यलं. सांगतलं तं थे येत नाई. नाई सांगतलं तं येते अन पुन्हा थेच पानी पेते. बेचायीस वर्सांत एकच खोटं बोललो बाई मी, अन थेच तिच्या पोटाले मानवलं.

प्रियदर्शनी : थांबा, परत बेल.

देवमन : कोन असन?

प्रियदर्शनी : या रागिणीताई. हो, आत्ताच आले मामाजी. हो, ताजंच. दोन्ही बाटल्या? बरं, ठेवा इथे. आई न्हाताहेत, त्या आल्या की भरून देतील. नाही, मी दिलेलं चालणार नाही का? आईंच्याच हातचं. बरं. महादेवरावांनाही सांगते.

देवमन : हे काय होतं?

प्रियदर्शनी : हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. खालच्या रागिणीताईंच्या मिस्टरांना खडा आहे. वरच्या महादेवरावांना पित्ताशयात आहे. समोरच्या विंगमध्ये तिघं. आईंनी सगळ्यांना औषध सुरू केलंय. एका ग्लासात एक चमचा आपल्या विहिरीचं पाणी, बाकी नळाचं, दिवसाला दहा ग्लास. कॅलेंडरवर खुणा करायला लावतात. ग्लास चुकला तर दुसऱ्या दिवशी चमचा बंद.

देवमन : किती जन हाय?

प्रियदर्शनी : काल रात्रीपर्यंत सात. आज रिपोर्टची बातमी जिन्यात पसरली, आता विचारू नका. महादेवराव तर गावी यायचं म्हणतात. आठ दिवस राहीन, विहिरीवर बसून पिईन.

देवमन : विहिरीवर बसून.

प्रियदर्शनी : तुम्ही असे पांढरे का पडलात?

देवमन : बाई, विहीर बंद हाय.

प्रियदर्शनी : बंद?

देवमन : होयी झाली अन पानी तपासनारे आले. साऱ्या विहिरी तपासल्या. आपल्या विहिरीच्या तोंडाले लाल रंग मारून गेले. पेयाले लायक नाई. चार दिवसांनं गोपालची बकरी पडली आत. काढली, जिती हाय. पन पंचायतीनं लोखंडी जाळी बसवली वरून, वेल्डिंग करून. राहाटबी काढला.

प्रियदर्शनी : आणि आईंना हे माहीत नाही? दोन महिने? रोज फोन असतो त्यांचा गावी!

देवमन : म्या साऱ्या गावाले सांगून ठेवलं, डॉक्टरनं ताकीद देल्ली हाय, धक्का बसला तं खडा सरकते. कौशल्या, गोपाल, सारे सांभाळून बोलते. मांगच्या हप्त्यात तिनं फोनवर कौशल्याले इचारलं, विहिरीले पानी किती हाय? तं थे बिचारी म्हने, वयनी, काठोकाठ.

प्रियदर्शनी : एप्रिलमध्ये? काठोकाठ?

देवमन : घाबरली न थे.

प्रियदर्शनी : मामाजी, पण एवढं कशासाठी? विहीरच तर आहे. खारी. जिच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहावर साय धरते, नळाच्या तोंडाला पांढरी दाढी येते. लग्न झाल्यावर पंधरा दिवस राहिले तिथे, तर माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. कंगवा तुटला होता.

देवमन : माहीत हाय. तुह्या बापानं फोन करून सांगतलं होतं मले.

प्रियदर्शनी : मग?

देवमन : थे विहीर माह्या बापानं खोदली. बुधाजीनं. गावात एकच गोडी विहीर होती, पाटलाच्या आवाराजवळची. तिथं आपली मानसं गेली का खालीच उभी राहात. कोनी वरून पानी टाकलं तं घागर भरे, नाईतं दुपार होये. बापानं म्हनलं, नाई पायजे मले कोनाच्या हातचं. घराच्या मांगं खोदाले बसला. तीन उन्हाये खोदली. पानी लागलं तं खारं. लोक हासले. बाप खाली उतरला, ओंजय भरून पेला, अन वर येऊन म्हने, चांगलं हाय. बस. त्याच्या बादमंधी आमच्या घरात त्या पान्याले कोनी खराब म्हनलं नाई. तुही सासू लगन होऊन आली, पयल्याच दिवशी तिची डाय शिजली नाई. रडली. पन खराब नाई म्हनलं तिनं. सोडा टाकाले शिकली.

प्रियदर्शनी : हे मला स्वप्निलनं कधी सांगितलं नाही.

देवमन : त्याले सांगतलं कोनं? आता तूच सांग, तिले कसं म्हनू, तुह्या विहिरीवर लाल रंग मारला म्हनून? कोन्या दिवशी म्हनू?

प्रियदर्शनी : नळ बंद झाला.

देवमन : कोनता?

प्रियदर्शनी : न्हाणीतला! गप्प बसा आता. चहा घ्या हातात. हसा जरा.

चतुराबाई : कवा आले? अन चेहरा काहून असा, जसं उधार मांगाले आले?

देवमन : नाई, नाई. खडा पडला म्हने न. चांगलं झालं.

चतुराबाई : पडला म्हनजे? पाडला. माह्या विहिरीनं पाडला. प्रिया, तांब्या दे वं इकडं. या रागिणीच्या बाटल्या दिसते. अगोदर चाखू दे मले, आठ दिवसांचं तोंड फिकं झालं.

प्रियदर्शनी : आई, आधी चहा घ्या ना...

चतुराबाई : चहा कुठी पयून जाते. हं.

देवमन : कसं हाय?

चतुराबाई : आज मीठ जास्त पडलं.

देवमन : काय?

चतुराबाई : मीठ. जास्त पडलं म्हनलं. किशोरसंगं गप्पा हाकत होते का टाकता टाकता?

प्रियदर्शनी : आई! तुम्हाला किशोर माहीत आहे?

चतुराबाई : किशोर माहीत नाई. कॅनच्या बुडाले त्याच्या दुकानाची चिठ्ठी चिपकली हाय पाच हप्त्यांपासून. मोबाइल नंबरसंगं.

देवमन : मंग तुले... कवापासून?

चतुराबाई : तिसऱ्या रविवारपासून. वरन टाकलं मी माह्या पान्यात, चार शिट्ट्यांचं मोजून बसली. इकडं त्या रागिणीसंगं गोष्टी करतच होती, तं दुसरी शिट्टी झाली. झाकन काढलं तं डायीचा दाना दिसेनाच. सारी एकजीव. बेचायीस वर्सं त्या पान्यात डाय शिजवली मी, तिचा एकेक दाना मले ओयखते. मीठ टाकून मानूस फसते, डाय नाई फसत.

प्रियदर्शनी : सुफेन. डाळीनं ओळखलं, आणि मी मीटर घेऊन बसले.

देवमन : मंग बोलली काहून नाई तू?

चतुराबाई : काय बोलू? बोलली असती तं तुमी म्हनले असते, पानी तं सारखंच हाय, इथलंच पे. कॅन बंद झाली असती.

देवमन : झाली असती तं झाली असती. ओझं कमी.

चतुराबाई : अन तुमी दर रविवारी कायले आले असते मंग? मले भेटाले? लगनाले बेचायीस वर्सं झाले, माहेरी होती तवा एक दिवस आले नाई तुमी. म्हनत, काम हाय. म्या म्हटलं, मीठ टाकून का होईना, येते तं हाय मानूस.

देवमन : मले वाटे तुले पानीच पायजे.

चतुराबाई : तुमाले लय वाटते.

प्रियदर्शनी : पण मग आई, काल डॉक्टरांना? 'माह्या विहिरीच्या पान्यानं फुटला' म्हणून टेबल वाजवलंत! ते बिचारे रात्रभर पुस्तकं चाळत असतील.

चतुराबाई : मंग काय सांगू त्याले, माहा नवरा बाकड्यावर बसून मीठ कालवते म्हनून?

प्रियदर्शनी : आणि हे शेजारी? सात माणसं तुमच्या चमच्यावर आहेत! महादेवराव पित्ताशय घेऊन फिरतात. ही फसवणूक आहे, आई.

चतुराबाई : कायची फसवनूक? ग्लासभर नळाचं पानी, दिवसाले दहा डाव. डॉक्टर हेच सांगते, मोठी फी घेऊन. कोनी ऐकते का? रागिणीचा नवरा सकायपासून झाकट पडेपर्यंत दोन चहावर राहे. आता माह्या चमच्यासाठी दहा ग्लास ढोसते. अन महादेवरावले मी पयलेच सांगतलं, पित्ताच्या खड्याले हे लागू पडत नाई, तुमी दवाखान्यातच जा. थो म्हने, नाई बाई, थोडंसं द्याच.

प्रियदर्शनी : मग चमचा कशाला? नुसतं दहा ग्लास सांगायचं.

चतुराबाई : तुले नाई समजायचं. परवा थे महादेवराव आले, पाय धुऊन, देवापुढं उभं राहावं तसे. दोन हातांत बाटली धरली होती. म्हने, चतुराबाई, तुमच्या विहिरीचं चमचाभर पानी मले मिळन का? तुमच्या विहिरीचं म्हने. दोन हात पुढं करून. म्या भरून देल्ली. मंग या खिडकीशी उभी राहून लय येळ रस्ता पाहात राह्यली. माहे सासरे पायजे होते त्या दिवशी.

देवमन : चतुरा.

चतुराबाई : साऱ्या जन्मात त्या पान्याले कोनी चांगलं म्हनलं नाई, आपल्या घरच्याइशिवाय. आता इथं साऱ्या बिल्डिंगीत नाव हाय तिचं. मीठ कोनाचं का असेना, नाव तं तिचंच हाय न. मी तं सांगते, उद्या घरी गेली का पयले तिच्या काठावर जाते अन तिले सांगते.

देवमन : चतुरा, ऐक माहं.

चतुराबाई : सांगा न. सातची गाडी नाई का?

देवमन : गाडी हाय. विहीर नाई.

चतुराबाई : म्हनजे?

देवमन : हाय. तिथंच हाय. पानी तपासनारे आले, लाल रंग मारून गेले तोंडाले. पेयाचं नाई म्हने. मंग पंचायतीनं वरून जाळी ठोकली. राहाट काढला. होयीपासून.

प्रियदर्शनी : आई, बसा. खुर्ची घ्या.

चतुराबाई : मी बसलीच हाव. कौशल्या काठोकाठ म्हने थे?

देवमन : म्याच सांगतलं होतं तिले.

चतुराबाई : मले तवाच समजलं काहीतरी झालं म्हनून. चैतात काठोकाठ! पन म्या म्हटलं, कौशल्या काही लपवून राह्यली असन, बकरी-बिकरी पडली असन.

देवमन : पडली होती. गोपालची. जिती हाय.

चतुराबाई : अन लाल रंग आपल्याच विहिरीले मारला? गावात एकलीले?

देवमन : नाई. गोडीलेबी.

चतुराबाई : पाटलाच्या आवाराजवळच्या?

देवमन : तिलेच. तिचं पानीबी खराब निंगालं. आपल्यापेक्षा खराब, थो तपासनारा म्हने. एकाच डब्यातला रंग, एकाच बुरुशानं मारला. म्या उभा राहून पाह्यलं. आता पंचायतीनं फिल्टरची मशीन बसवली, गोडीच्याच वट्यावर. सारं गाव एका रांगेत उभं राहाते, कॅन घेऊन. पाटलाचा नातूबी. काल माह्या मांगं तीन नंबर होता थो.

चतुराबाई : तुमच्या मांगं?

देवमन : मांगं.

चतुराबाई : हे सांगाले तुमी दोन महिने लावले?

देवमन : विहिरीचं कसं सांगू म्हनून...

चतुराबाई : विहिरीचं नंतर सांगाचं. हे पयले सांगाचं होतं. प्रिया, चहा थंडा झाला वं याइचा, दुसरा ठेव.

प्रियदर्शनी : ठेवते. कोणत्या पाण्याचा?

चतुराबाई : कोनत्याबी. जाळी कशी हाय? बुजवली तं नाई न विहीर?

देवमन : नाई, नाई. चौकटी-चौकटीची जाळी हाय. खाली पाह्यलं तं पानी दिसते.

चतुराबाई : बादली जाते का आत?

देवमन : बादली नाई जात. तांब्या जाते. म्या टाकून पाह्यला होता एक डाव, दोरी बांधून.

चतुराबाई : मंग झालं. तांब्या तांब्यानं भरीन. लुगडे धुवाले, आंग धुवाले. उद्या दोन तांबे आंगावर घेते तिचं, मंग हा साबन निंगते का नाई पाहू.

प्रियदर्शनी : आई, पिणार नाही ना? आत्ता सांगा. माझ्यासमोर. डॉक्टरांचं मी खोटं सांगत नाहीये, या वेळी किडनी जाईल.

चतुराबाई : नाई पेत वं. मी काय येडी हाव? पाटलाच्या नातवाच्या पुढं नंबर लावते, अन मशीनचं पेते. रोज जाईन. लागलं तं दोन डाव जाईन.

प्रियदर्शनी : शपथ?

चतुराबाई : बुधाजीची. आता तं झालं? उठ, रागिणीच्या बाटल्या भर. अन तिच्या नवऱ्याले सांग, चमचा संपला तरी ग्लास नाई संपले पायजे.

देवमन : अन मीठ?

प्रियदर्शनी : मीठ नाही, मामाजी! मीठ तर आणखी वाईट. खड्याला नको, बीपीला नको. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलंय. आठ आठवडे पाजलंत, तेवढं पुरे.

चतुराबाई : एक चिमूट वं. घागरभर पान्यात एक चिमूट. नाईतं मले वाटन, अजून परगावीच हाव.

प्रियदर्शनी : एक. आणि ती पण मी लिहून देईन तेवढीच.

चतुराबाई : देजो लिहून. रंगीत तक्ता कर. अवो, ऐकलं न? आजच्यासारखं नाई, कमी टाकजा.

देवमन : कितलं कमी?

चतुराबाई : मी तिथंच असन न आता. चाखून सांगीन.